संविधान आणि समाजसत्ता

भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात एक यादी आहे: दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला येथे अडवता येणार नाही, असे त्या अनुच्छेदाचे दुसरे कलम सांगते. अमेरिकेच्या राज्यघटनेत किंवा फ्रान्सच्या 1789 च्या जाहीरनाम्यात अशी यादी सापडत नाही. सत्ताधाऱ्याला आवर घालणे हे राज्यघटनेचे काम, असे त्या परंपरा मानतात. आपल्या संविधानकर्त्यांना मात्र दुकानदार, गावकरी आणि घाटावरची मंडळी यांच्याशीही बोलावे लागले.

संविधानाच्या तत्त्वज्ञानाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांनी आपल्या लेखनात राष्ट्रीय ऐक्य, लोकशाही आणि सामाजिक क्रांती हे एकमेकांत विणलेले तीन धागे दाखवले. माधव खोसला यांना त्यात लोकांना लोकशाहीचे शिक्षण देणारा दस्तऐवज दिसतो, तर गौतम भाटिया यांना समाज बदलू पाहणारा. आपल्याकडे नरहर कुरुंदकरांनी धर्मनिरपेक्षतेची चर्चा इतिहासाच्या अंगाने मराठीत आणली. या साऱ्या विवेचनांतून फिरून आल्यावर माझे मत असे झाले आहे की, या संविधानाचे वेगळेपण स्वातंत्र्य, समता आणि न्याय या शब्दांत नाही. ते शब्द जगभर आहेत. माणसाला दडपणाऱ्या दोन सत्ता आहेत, एक राज्याची आणि दुसरी समाजाची, आणि दुसरी पहिलीहून जुनी व चिवट आहे, ही जाणीव म्हणजे या संविधानाचा गाभा. त्याची मोठी यशे आणि मोठी अपयशे या जाणिवेच्या कसोटीवर नीट कळतात.

ही जाणीव महाराष्ट्राच्या मातीत कशी तयार झाली, हे पाहण्यासारखे आहे. मुंबई कायदे कौन्सिलने 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे सर्वांसाठी खुले असल्याचे ठरवले. म्हणजे राज्यसंस्थेने परवानगी दिली होती, स्थानिक संस्थेनेही दिली होती. तरीही तळ्यावर अस्पृश्य जाऊ शकत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला करणारे लोक सरकारचे नव्हते, गावचे होते. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला 1937 साल उजाडले. तो निकाल ज्या मुद्द्यावर लागला तो लक्षात ठेवायला हवा. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे सवर्ण वादींना सिद्ध करता आले नाही. समजा, त्यांना ते सिद्ध करता आले असते तर? रूढी पुरेशी जुनी निघाली तर ती हक्कावर मात करू शकेल, अशी त्या कायद्याची रचना होती. संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदाने ती उलटवली. ‘कायदा’ या संज्ञेत रूढी आणि परिपाठही येतात आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तितका तो कायदा शून्यवत ठरतो, असे त्यात आहे. महाडच्या दहा वर्षांच्या खटल्याला दिलेले हे उत्तर आहे, असे मी मानतो.

राष्ट्रीय चळवळीचा प्रवाह याला समांतर वाहत होता. 1928 च्या नेहरू अहवालात आणि 1931 च्या कराची ठरावात हक्कांच्या याद्या आल्या. त्यांत परकीय सरकारच्या दडपशाहीविरुद्धची कलमे होती, तशी सार्वजनिक विहिरी आणि रस्ते यांच्या समान वापराची तरतूदही होती. संविधान सभेत हे दोन प्रवाह एकत्र आले. ते सहज आले नाहीत. आंबेडकर आधी बंगालमधून निवडून गेले. फाळणीनंतर ती जागा राहिली नाही आणि बॅ. मुकुंदराव जयकरांनी सोडलेल्या मुंबईच्या जागेवरून काँग्रेसच्या पाठिंब्याने ते पुन्हा सभेत आले. 29 ऑगस्ट 1947 रोजी मसुदा समिती नेमली गेली.

गाव की माणूस

4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना आंबेडकरांनी गावाला घटक न मानता व्यक्तीला घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. खेडे म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर, हे त्यांचे मत सभेतल्या अनेकांना झोंबले. गांधीविचाराचे सभासद नाराज होते. गावाला सार्वभौम धरून रचलेले आराखडे तेव्हा हवेत नव्हते, प्रत्यक्षात आलेले होते. 1939 मध्ये औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सत्ता सोडून ग्रामपंचायतींवर उभे असलेले संविधान स्वीकारले. त्यामागे गांधीजींचे मार्गदर्शन, आप्पासाहेब पंतांची खटपट आणि मॉरिस फ्रीडमन यांची मदत होती. श्रीमन्नारायण अग्रवालांनी 1946 मध्ये गांधीवादी राज्यघटनेचे पुस्तकच लिहिले. सभेतल्या नाराजीतून के. संथानम यांची दुरुस्ती आली आणि ग्रामपंचायती निदेशक तत्त्वांत, चाळिसाव्या अनुच्छेदात, बसल्या. त्यांना घटनात्मक बळ मिळायला 1992 ची 73 वी दुरुस्ती यावी लागली.

आंबेडकरांचे म्हणणे तीव्र होते, पण ते अनुभवाचे होते. वतनदारीच्या नावाखाली गावकीची रात्रंदिवस फुकट कामे करणाऱ्या महारांचे गाव त्यांना ठाऊक होते; 1928 मध्ये त्यांनी कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले होते. ज्याच्या वाट्याला गावकुसाबाहेरची जागा आली, त्याला गावाच्या स्वराज्यात काय मिळणार होते? तरी या वादाला तिसरी बाजू होती आणि ती बहुतेक लेखांत विसरली जाते. जयपालसिंग मुंडांनी सभेत ठणकावून सांगितले होते की, आदिवासींना लोकशाही शिकवण्याची गरज नाही, ती त्यांच्याकडे आधीपासून आहे. पाचवी आणि सहावी अनुसूची, 1996 चा पेसा कायदा, 2006 चा वनहक्क कायदा ही या बाजूची वाटचाल. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. तिथल्या ग्रामसभेचे काम पाहिले की, गाव हे दडपणाचेच यंत्र असते असे म्हणता येत नाही. माझ्या मते दोन्ही अनुभव खरे आहेत. जिथे जातीची उतरंड आहे तिथे व्यक्तीला गावापासून संरक्षण हवे. जिथे ती नाही आणि वरून आलेली सत्ता जंगल हिरावून घेते, तिथे गावालाच राज्यापासून संरक्षण हवे. संविधानाने पहिले काम मजकुरात केले आणि दुसऱ्यासाठी जागा ठेवली.

व्यक्तीला घटक मानणे ही कल्पना कागदावर सोपी वाटते. ओर्नित शानी यांनी पहिल्या मतदार यादीच्या कामावर लिहिलेल्या पुस्तकातून तिची अवघड बाजू कळते. प्रौढ मताधिकाराचे कलम मंजूर होण्याआधीच, 1947-48 पासून, यादीचे काम सुरू झाले होते. 1951 च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम 18 टक्के होती, आणि अशा देशात सुमारे 17 कोटी लोकांची नावे नोंदवायची होती. अनेक प्रांतांत बायकांनी आपले नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई अशाच नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारायला नकार दिला. दुरुस्तीला मुदत दिली गेली, तरी जवळपास 28 लाख बायकांची नावे यादीतून गळाली. त्या निर्णयाची किंमत त्या बायकांनी मोजली आणि ती लहान नव्हती. पण मतदार ही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने ओळखली जाणारी व्यक्ती नसते, हे तत्त्व पहिल्याच निवडणुकीत ठरून गेले. माझ्या दृष्टीने उद्देशिकेतील ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ याहून ठोसपणे कुठे अमलात आली नसेल.

हक्क आणि भाकर

संविधानाच्या तिसऱ्या भागात न्यायालयात मागता येणारे हक्क आहेत, चौथ्यात न मागता येणारी निदेशक तत्त्वे. ही विभागणी आयर्लंडच्या 1937 च्या घटनेवरून घेतली, एवढे सांगून बहुतेक पाठ्यपुस्तके थांबतात. खरा प्रश्न असा होता की, आर्थिक व्यवस्था संविधानानेच ठरवावी का. आंबेडकरांनी स्वतः 1947 च्या निवेदनात शेती आणि मूळ उद्योग राज्याच्या मालकीचे करावेत आणि हे संविधानातच लिहून टाकावे, अशी मागणी केली होती. पुढच्या वर्षी के. टी. शहा यांनी ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती आणली, तेव्हा विरोध आंबेडकरांनीच केला. समाजाने आपली आर्थिक घडी कशी बसवावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे. संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. काहींना यात विसंगती दिसते. मला त्यात मसुदाकाराने स्वतःच्या मताला घातलेली मर्यादा दिसते, आणि त्याबद्दल आदर वाटतो.

पण या विभागणीची किंमत काय पडली, ते शिक्षणाच्या उदाहरणावरून कळते. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. गोखल्यांनी 1911 मध्ये तसे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले, ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1917 मध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. संविधानाने हा विषय पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात घालून दहा वर्षांची मुदत दिली. 1960 आले आणि गेले. तो हक्क मूलभूत हक्कांत यायला 2002 ची 86 वी दुरुस्ती आणि अमलात यायला 1 एप्रिल 2010 हा दिवस लागला. कोल्हापूरसारख्या एका संस्थानाला जे पहिल्या महायुद्धाच्या काळात परवडले, ते स्वतंत्र भारताला साठ वर्षे का परवडले नाही? पैसा हे पुरेसे उत्तर नाही. कोणाची मुले शाळेबाहेर होती, याकडे पाहिले की उत्तर समाजरचनेत सापडते.

हक्क आणि निदेशक तत्त्वे यांचा न्यायालयीन संघर्ष 1951 मध्येच सुरू झाला. मद्रासच्या जातवार जागावाटपाला सर्वोच्च न्यायालयाने चंपकम दोराईराजन खटल्यात रद्दबातल ठरवले आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात चौथे कलम घालून आरक्षणाची वाट मोकळी केली. पुढे जमीन, भरपाई, संसदेचे अधिकार यांवरून वाद वाढत 24 एप्रिल 1973 च्या केशवानंद भारती निकालापर्यंत गेला. तेरा न्यायाधीशांनी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, असे ठरवले. 1980 च्या मिनर्व्हा मिल्स निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी हक्क आणि निदेशक तत्त्वे यांच्यातील समतोल हाच संविधानाचा पाया असल्याचे लिहिले. या निकालांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

धर्म, कुटुंब आणि न्यायालयाचा संकोच

17 ऑक्टोबर 1949 रोजी उद्देशिकेची चर्चा झाली तेव्हा ह. वि. कामत यांनी तिची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती मांडली. ती 41 विरुद्ध 68 मतांनी पडली. श्रद्धाळू माणसांनी भरलेल्या सभेने, श्रद्धा ही व्यक्तीची बाब आहे आणि सामूहिक दस्तऐवजाने ती कोणावर लादू नये, असे ठरवले. धर्मनिरपेक्ष हा शब्द 1976 मध्ये आला, आशय तेव्हापासूनचा आहे. पण हा आशय धर्मापासून अलिप्त राहण्याचा नाही. पंचविसावा अनुच्छेद सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य देतो आणि त्याच दमात हिंदूंच्या सार्वजनिक स्वरूपाच्या धर्मसंस्था सर्व हिंदूंना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला देतो. माणसाला धर्म हवा असेल तर त्याचे रक्षण करायचे आणि धर्मसंस्था माणसाला दाराबाहेर ठेवत असेल तर दार उघडायचे, अशी ही दुहेरी भूमिका आहे.

ती पेलताना न्यायालये वारंवार कचरली, आणि याची दोन ठळक उदाहरणे मुंबईचीच आहेत. 1951 मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी हिंदूंच्या द्विभार्याबंदीचा कायदा योग्य ठरवला. निकाल पुरोगामी होता. पण त्याच निकालात, व्यक्तिगत कायदे तेराव्या अनुच्छेदाच्या कक्षेत येत नाहीत, असेही म्हटले गेले. त्या एका वाक्याने विवाह, वारसा, दत्तक हा सगळा प्रदेश मूलभूत हक्कांच्या थेट तपासणीपासून दूर राहिला. सभेच्या हक्क उपसमितीत हंसा मेहता, राजकुमारी अमृत कौर आणि मिनू मसानी यांनी समान नागरी कायदा न्यायालयात मागता यावा, असा आग्रह धरला होता, तो फेटाळला गेला. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले. विहिरीपर्यंत पोचलेले संविधान घराच्या उंबरठ्यावर अडले. स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर ही त्याची सर्वांत मोठी उणीव, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

दुसरे उदाहरण बहिष्काराचे. मुंबई प्रांताने 1949 मध्ये जातीतून किंवा पंथातून बहिष्कृत करण्यावर बंदी घातली. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द केला, कारण बहिष्काराचा अधिकार हा पंथाला आपले धार्मिक व्यवहार सांभाळण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा वेगळे बोलले. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, म्हणून हा कायदा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या सतराव्या अनुच्छेदाच्या आशयाला धरून आहे, असे त्यांचे मत. मसुदा समितीचे मन त्या अल्पमताच्या निकालात अधिक सापडते, असे मला ठामपणे वाटते.

बलवान राज्याचे मोल

समाजाशी झगडायला राज्य बलवान हवे, हे या तत्त्वज्ञानाचे गृहीतक आहे आणि त्यातच त्याचा धोका आहे. सोमनाथ लाहिरींनी सभेत तक्रार केली होती की, हे हक्क पोलीस शिपायाच्या नजरेने लिहिल्यासारखे वाटतात. प्रतिबंधक स्थानबद्धता मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच, बाविसाव्या अनुच्छेदात, बसली. आणीबाणीच्या तरतुदींवर कामतांनी जोरदार टीका केली होती. 1976 च्या जबलपूर खटल्यात चार न्यायाधीशांनी, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येत नाही, असे सांगितले आणि एकट्या हंसराज खन्नांनी नकार दिला, तेव्हा कामतांच्या टीकेचा अर्थ सर्वांना कळला. हे दोष संविधानाच्या बाहेरून आलेले नाहीत. फाळणीच्या रक्तपातात काम करणाऱ्या सभेने ते समजून उमजून ठेवले. त्यामागची भीती मी समजू शकतो. त्या तरतुदी इतक्या सैल शब्दांत ठेवणे मला पटत नाही.

याच फाळणीच्या छायेत बंधुता उद्देशिकेत आली. नेहरूंच्या डिसेंबर 1946 च्या उद्दिष्टांच्या ठरावात तो शब्द नव्हता. 21 फेब्रुवारी 1948 रोजी मसुदा सादर करताना मसुदा समितीने, बंधुभावाची गरज आज कधी नव्हे इतकी आहे म्हणून आपण ही भर घातली, असे कळवले. गांधीजींच्या खुनाला तीन आठवडे झाले होते. स्वातंत्र्य आणि समता यांना अनुच्छेद मिळाले, बंधुतेला स्वतंत्र अनुच्छेद मिळाला नाही. तरी पंधरा, सतरा आणि तेवीस हे अनुच्छेद एकत्र वाचले की, बंधुतेचा किमान भाग कायद्यात उतरलेला दिसतो: कोणाला पाणवठ्यावर अडवायचे नाही, कोणाला अस्पृश्य ठरवायचे नाही, कोणाकडून वेठ घ्यायची नाही. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात आंबेडकरांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटले ते याच अर्थाने. बंधुतेशिवाय स्वातंत्र्य आणि समता रंगाच्या पातळ थरापेक्षा खोल जाणार नाहीत, असे त्यांना वाटत होते.

पुढच्या काही निकालांत हा धागा पुन्हा हाती येतो. 1982 च्या एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी किमान वेतनापेक्षा कमी पैशात करवून घेतलेले काम हीही वेठच, आणि तो हक्क खासगी ठेकेदाराविरुद्धही बजावता येतो, असे म्हटले. 2023 च्या जानेवारीत घटनापीठाच्या बहुमताने एकोणिसाव्या आणि एकविसाव्या अनुच्छेदातील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतील, असे सांगितले. न्यायमूर्ती नागरत्नांनी त्यावर वेगळे मत दिले आणि त्यांची सावधगिरी निराधार नाही, कारण प्रत्येक शेजारकलह मूलभूत हक्कांचा खटला झाला तर न्यायालये ते पेलणार नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातवार कामवाटप रद्द केले. काही जातींच्या कैद्यांना झाडलोट, काहींना स्वयंपाक, अशी ती वाटणी संविधान आल्यावरही जवळपास पंचाहत्तर वर्षे सरकारी कागदावर टिकून होती. समाजसत्ता राज्यसत्तेच्या आत किती खोल शिरलेली असते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो पुढच्या वर्षी अमलात आला. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांचा पाठपुरावा त्यामागे होता. 1949 चा कायदा ज्या प्रश्नासाठी होता तोच हा प्रश्न, आणि 1962 चा निकाल अजून वाटेत उभा होता. 10 फेब्रुवारी 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्या जुन्या निकालाचा फेरविचार व्हायला हवा असे म्हणत तो विषय नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. पंथाला आपल्या माणसाला तोडण्याचा हक्क आहे की माणसाला न तोडले जाण्याचा, हे आता त्या पीठाने सांगायचे आहे.